पद शाळेला नको, समूहाला हवे



ग्रंथालयशास्त्राच्या पदवीधरांना नोकरी का मिळत नाही, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे: इंटरनेट आले, वाचन संपले. मला हे उत्तर पटत नाही. काम भरपूर आहे. अडले आहे ते पदांच्या हिशेबात. माध्यमिक शाळेत पूर्णवेळ ग्रंथपाल मिळतो तो पटसंख्या हजाराच्या पुढे गेली तर. ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडच्या पाड्यांतील शाळांनी एवढी मुले आणायची कुठून? महाविद्यालयात पद असले, तरी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हवी. उरली सार्वजनिक ग्रंथालये. १९६७च्या कायद्याखालील नियमांनी ती अ, ब, क, ड अशी विभागली आणि अनुदान वर्गाला बांधले. २०१२नंतर कित्येक वर्षे नवी मान्यता नव्हती, दर्जावाढ नव्हती. २०२२मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढले, तेव्हा सर्वांत खालच्या ड वर्गातील एका ग्रंथालयाच्या वाट्याला वर्षाला ४८ हजार आले. त्यातला निम्मा भाग वेतनाचा धरला, तर महिन्याला दोन हजार. यात पदवीधर सोडाच, संध्याकाळी कुलूप उघडणारा माणूसही मिळणे कठीण. तरीही तो मिळतो, हे ग्रंथालय चळवळीचे भाग्य आणि शासनाची सोय.

माहिती मोबाइलवर असताना ग्रंथपाल कशाला, असे विचारले जाते. या परिसरातलेच उदाहरण घेऊ. २००६च्या वनहक्क कायद्याखालील दाव्याला पुरावे लागतात, आणि २००८च्या नियमांनी त्यांत गॅझेटियर, जनगणना, नकाशे, जुन्या सरकारी नोंदी धरल्या आहेत. ठाणे जिल्ह्याचे १८८२चे गॅझेटियर आज संगणकावर वाचता येते. पण ते इंग्रजीत, शेकडो पानांचे, गावांची नावे जुन्या धाटणीने लिहिलेली. त्यातून आपल्या गावाचा उल्लेख शोधून, पान क्रमांकासह दावेदाराच्या हाती देणे हे संदर्भसेवेचे काम आहे. पोलीस भरतीच्या पुस्तकांसाठी येणाऱ्या मुलाला योग्य आवृत्ती देणे, हेही तेच काम. दाखल नोंदवही आणि देवघेव यांपलीकडे आपल्या अभ्यासक्रमांनी ते पुरेसे शिकवले नाही, हा दोष मात्र आपलाच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३मध्ये लोकांनी उभारले, मग पगारी माणूस हवाच कशाला? संस्था उभी करायला हौस पुरते. वर्षानुवर्षे तालिका अद्ययावत ठेवणे आणि वाचकाचा प्रश्न तडीस नेणे हौसेवर चालत नाही. त्यासाठी पैसा नाही, हे उत्तर प्रत्येक गावाला स्वतंत्र पद मागितले तरच खरे ठरते. मी तसे मागत नाही. आठ-दहा ड वर्ग ग्रंथालये आणि जवळच्या आश्रमशाळा मिळून एक प्रशिक्षित ग्रंथपाल नेमावा. त्याचे वेतन अनुदानातून न कापता स्वतंत्र द्यावे. आज गावात राहणारा सेवक तिथेच राहील, त्याला वर एक जाणकार मिळेल. पदवीधर खेड्यात येणार नाहीत, ही शंका वेतन ठरल्यावर घ्यावी; दोन हजारांच्या भरवशावर कोणाची निष्ठा तपासू नये.

भातसानगरच्या या ग्रंथालय संमेलनाने वेतनवाढीच्या नेहमीच्या ठरावाबरोबर हा एक ठराव मंजूर करावा, आणि पहिला प्रयोग शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत करावा, अशी मागणी शासनाकडे लेखी करावी.