चवींतील जन्मजात फरक

मुळ्याच्या पाल्याची एकच भाजी दोघांच्या पानांत वाढली, तर एक ती मिटक्या मारीत खातो व दुसरा तोंड वांकडें करतो. हा दुसरा लाडावलेला ठरतो. वयानें लहान असला तर पाठींत धपाटाहि बसतो. परंतु दोघांच्या जिभेस एकच चव लागली, हें कोणीं ठरविलें?

१९३१ सालीं अमेरिकेंतील ड्यूपाँट कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ आर्थर फॉक्स फिनाइलथायोकार्बमाइड नांवाची भुकटी बाटलींत भरीत असतां ती हवेंत उडाली. शेजारच्या सहकाऱ्यानें ती फार कडू असल्याची तक्रार केली. फॉक्स भुकटीच्या अधिक जवळ होते. त्यांस मात्र कांहींच चव लागेना! वाद मिटविण्यासाठीं इतरांसहि ती चाखावयास दिली, तेव्हां माणसांचे सरळ दोन वर्ग पडले. हा गुण आनुवंशिक आहे असें लवकरच दिसून आलें, व २००३ सालीं त्याचें मुख्य जनुकहि सांपडलें.

पुढें येल विद्यापीठांतील लिंडा बार्टोशुक या विदुषींनीं चव लागणाऱ्यांतहि एक निराळा वर्ग दाखविला. १९९१ च्या सुमारास त्यास ‘सुपरटेस्टर’ हें नांव मिळालें. आपण ‘अतिरसज्ञ’ म्हणूं. यांस कडू अधिक कडू लागतें, गोडहि अधिक गोड लागतें आणि मिरचीही अधिक झोंबते. पण हें मोजावें कसें? ‘फार कडू’ हे शब्द दोघांचे सारखेच, आणि दुसऱ्याच्या जिभेंत शिरण्याची सोय नाहीं. बार्टोशुकबाईंनीं यावर कानाची तोड काढली. ऐकण्याच्या शक्तीचा या चवीशीं संबंध नाहीं. म्हणून हा कडूपणा किती मोठ्या आवाजाच्या तोडीचा वाटतो, असें त्यांनीं विचारलें. अतिरसज्ञांनीं निवडलेला आवाज इतरांहून पुष्कळच मोठा निघाला.

वनस्पतींतील अनेक विषें कडू असतात. तेव्हां अशी जीभ रानांत पहारेकऱ्याचें काम करीत असावी. स्वयंपाकघरांत मात्र ती अडचणीची. कोबी, मोहरी, मुळा यांच्या कुळांत त्या भुकटीच्या जातीचींच कडू द्रव्यें असतात, आणि वैद्य व डॉक्टर ज्या भाज्या खा म्हणून सांगतात त्यांतल्या कित्येक याच कुळांतल्या. (कारल्याचा कडूपणा निराळ्या द्रव्यांचा, त्याचा हिशेब वेगळा.) त्या मुलाचें तोंड वांकडें होतें तें ढोंगानें नव्हे, त्याच्या पानांतली भाजी खरोखरच अधिक कडू असते.

मीठ कडूपणा दाबतें, ही गोष्ट सुगरणींस ठाऊक आहेच. कडूपणा तीव्रतेनें जाणवणारीं माणसें मीठहि अधिक खातात असें अलीकडे आढळलें आहे. पानाच्या डाव्या बाजूस वाढलेलें मीठ त्यांचें आधीं संपतें.