कुणाच्या हातचं नाणं?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही चार-पाच नोकरदार मंडळी जुनी नाणी जमवतो. पगार बेताचा, म्हणून संग्रहही बेताचाच. लोक आम्हाला नेहमी विचारतात : दोन नाणी एकाच टांकसाळीची, एकाच सालची, वजनालाही सारखी, मग एकाची किंमत दुसऱ्याच्या कैक पट कशी? उत्तर बरेचदा नाण्यावर नसतं. ते आधी कुणाकडे होतं, यात असतं.

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९३३ साली तिथे वीस डॉलरची ४,४५,५०० सोन्याची नाणी पाडली गेली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांकडचं सोनं सरकारजमा करण्याचा हुकूम काढला, आणि ही नाणी चलनात न येताच वितळवली गेली. तरी काही टांकसाळीबाहेर गेलीच. त्यांतलं एक १९४४ मध्ये इजिप्तचे राजे फारूक यांनी घेतलं. त्यांना नाण्यांचं वेडच होतं. नाणं देशाबाहेर नेण्यासाठी रीतसर अर्ज झाला आणि अमेरिकी अर्थखात्याने परवाना देऊनही टाकला. हे नाणं बाहेर असायलाच नको होतं, हे लक्षात आलं ते नंतर.

१९५२ मध्ये फारूक यांचं राज्य गेलं. १९५४ मध्ये कैरोत त्यांच्या संग्रहाचा लिलाव झाला. अमेरिकेने हरकत घेतल्यामुळे हे नाणं लिलावातून काढलं गेलं आणि मग कित्येक वर्षं दिसलंच नाही. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात एका ब्रिटिश व्यापाऱ्याकडे असंच नाणं पकडलं गेलं. ते फारूक यांचंच, असा बचाव झाला. तो जुना परवाना कामी आला आणि २००१ मध्ये तडजोड झाली. २००२ च्या लिलावात त्याला ७५ लाख डॉलरहून अधिक मिळाले. २०२१ मध्ये सुमारे १ कोटी ८९ लाख.

पुढे त्याच सालची आणखी दहा नाणी फिलाडेल्फियाच्या एका सराफाच्या वारसांकडे निघाली. न्यायालयाने ती सरकारची ठरवली. सोनं तेच, ठसा तोच. पण त्यांच्यामागे ना राजा होता, ना कागद.

मोठ्या माणसाने हाताळलेली वस्तू आपल्या तळहातावर यावी, ही ओढ आम्हालाही आहे. पण कागद नसेल तर ते नाव म्हणजे विकणाऱ्याची नुसती बात.

आता आपल्या बडोद्याकडे येऊ. सयाजीराव महाराजांची प्रतिमा आणि नागरी अक्षरं असलेला चांदीचा रुपया आपल्यातल्या कित्येक घरी लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात असतो. तसे रुपये बाजारातही मिळतात. पण तुमच्याकडचा कुणाच्या पणजोबांच्या पहिल्या पगारातला, कुणाच्या आजीच्या ओटीत पडलेला. तुमच्या घरी नामांकित मालक तेच. हे सांगू शकणारी पिढी आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. ती गेली, की वाटणीत तो रुपया काट्यावर चढतो आणि सराफाकडे मोडीत जातो. ओळखीच्या घरांतून हे होताना आम्ही पाहिलं आहे.

म्हणून एवढंच करा. प्रत्येक नाण्याबरोबर एक चिठ्ठी ठेवा : कुणी दिलं, कुणाला, केव्हा, कशानिमित्त. सांगणाऱ्याची सही घ्या, फोटो काढा. जे नक्की ठाऊक आहे तेच ठामपणे लिहा. ऐकीव असेल तर 'ऐकीव' असं लिहा. दिवाळीत नाणं रांगोळीने घासून लख्ख करू नका; अक्षरं झिजतात, किंमतही उतरते. आणि मुलं परदेशी असली, तरी शंभर वर्षांवरचं नाणं त्यांच्या सामानात घालू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ते बाहेर नेता येत नाही. चिठ्ठीची नक्कल मात्र खुशाल पाठवा.

येत्या लक्ष्मीपूजनाला ताम्हन मांडायच्या आधी, घरात जे कुणी मोठं असेल त्यांच्यापाशी वही-पेन घेऊन तासभर बसा. नाणं पुढेही राहील. सांगणारं माणूस आज आहे.