सायकल जड कां होते?



गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुमारास आमच्या दीपनगराजवळच्या एका खेड्यांतील गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांची मुलगी भुसावळास अकरावीत शिकत होती आणि रोज जाऊन-येऊन सुमारें पंधरा किलोमीटरचा प्रवास सायकलनें करीत होती. ते म्हणाले, "गुरुजी, पोरीला हें झेपत नाहीं. घरीं आली कीं अंथरूण धरते. गुडघे दुखतात म्हणते. आतां तिचें नांव काढावें असें घरांत चाललें आहे." मुलगी दाराशीं सायकल धरून उभी होती. ती कांहींच बोलली नाहीं.

मीं गुडघ्यांची विचारपूस करण्याआधीं सायकलची केली. पुढचें चाक उचलून हातानें एक झटका दिला. तें दोन फेरेही न घेतां थांबलें. निकोप चाक असें थांबत नाहीं. तें बराच वेळ फिरत राहतें, वेग सरल्यावर हवेच्या तोंडाकडची जड बाजू खालीं येते, आणि चाक झोपाळ्यासारखें दोन-चार वेळां मागेंपुढें झुलून मग स्थिर होतें. हें चाक एका अंगाला किंचित् वांकडें झालें होतें, दुकानदारांच्या भाषेंत त्याला 'आऊट' होता, आणि प्रत्येक फेऱ्याला ब्रेकचें रबर कडेवर घांसत होतें. म्हणजे ती मुलगी रोजचें तें अंतर ब्रेक लावून कापीत होती! टायर अंगठ्यानें सहज दबत होता. आणि बैठक, म्हणजे आपण जिला सीट म्हणतों ती, दुकानांतून आली तशीच अगदीं तळाशीं होती.

सायकल एका दिवसांत जड होत नाहीं. ती रोज थोडी थोडी जड होते, आणि तें आपल्या लक्षांत येत नसल्यामुळें आपण दोष शरीराला देतों. पन्नाशीच्या गृहस्थाला वाटतें कीं आपलें वय झालें. मुलीच्या बापाला वाटतें कीं पोर नाजूक आहे. मीही वयाच्या बावन्नाव्या वर्षीं सायकल सोडण्याच्या बेतांत होतों, तें याच समजुतीनें.

गुडघेदुखीचें मूळ पुष्कळदां बैठकीच्या उंचींत असतें. बैठक खालीं असली म्हणजे पायडल वर येतांना गुडघा फार दुमडतो आणि त्या दुमडलेल्या स्थितींतच त्याला सगळा जोर लावावा लागतो. उकिडवें बसलेल्या माणसाला ओझें उचलावयास सांगावें, तसा हा प्रकार आहे. माप घेण्याची रीत सोपी आहे. भिंतीला हात टेकून सायकलवर बसावें, एक पायडल अगदीं खालीं न्यावें आणि त्यावर टांच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर त्या बाजूला कलतां कामा नये. मग चालवितांना टांचेऐवजीं चवडा पायडलवर ठेवला कीं गुडघ्यांत हवा तेवढाच बांक राहतो. बैठकीची दांडी वर घेतांना ती नळींत निदान अडीच-तीन इंच शिल्लक राहील याची मात्र खात्री करावी.

यावर लोक म्हणतात, "एवढी उंच बैठक झाल्यावर पाय जमिनीला कसे टेकणार?" बसल्या जागीं दोन्ही पाय टेकावे अशी अपेक्षाच चुकीची आहे. थांबतांना बैठकीवरून पुढें उतरून एक पाय टेकावा. आठ दिवसांत ही संवय होते. खरी अडचण निराळीच असते. घरांत सायकल एक आणि चालविणारीं माणसें तीन. मग सर्वांत लहानाच्या सोयीनें बैठक तळाशीं जाते आणि बाकीचे गुडघे कुरकुरत राहतात. अशा घरीं बैठकीच्या दांडीवर प्रत्येकाच्या उंचीची खूण करावी आणि पाना दाराशीं खिळ्याला टांगून ठेवावा.

आतां हवेविषयीं. १८८८ सालीं बेलफास्टच्या डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. त्याचा पहिला प्रयोग त्यानें आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीवर केला होता. त्यापूर्वीं भरीव रबराच्या धांवांवर लोक हाडें खिळखिळी करून घेत असत. टायर नरम ठेवला म्हणजे त्या शोधाचा निम्मा लाभ आपण फुकट घालवितों. आमच्या खानदेशांत एक समजूत फार पक्की आहे, कीं उन्हाळ्यांत हवा कमी ठेवावी, नाहींतर ट्यूब फुटते. वैशाखांतलें भुसावळचें ऊन पाहिल्यावर ती कोणालाही पटेल. परंतु हिशेब असा आहे: ३० अंश उष्णतेवर ४० पौंड दाबाची हवा भरली आणि टायर ५० अंशांपर्यंत तापला, तरी दाब साडेतीन ते चार पौंडांनींच वाढतो. चांगल्या ट्यूबचें तेवढ्यानें कांहीं बिघडत नाहीं. फुटतें तें बहुधा उन्हानें सुटलेलें जुनें ठिगळ किंवा कुजलेला टायर. टायरच्या अंगावर दाबाचा आंकडा छापलेला असतो. त्याप्रमाणें आठवड्याला हवा भरावी आणि सायकल सांवलींत लावावी. ज्या व्हॉल्व्हवर बारीक रबरी नळी चढविलेली असते, तिचें रबर उन्हानें लौकर चिकट होतें. बोटानें थुंकी लावून पाहावी. बुडबुडा आला तर नळी बदलावी. तिला फारसे पैसे पडत नाहींत.

सांखळीच्या बाबतींत आम्हां दीपनगरकरांची स्थिति जरा निराळी आहे. येथील औष्णिक विद्युत्केंद्र कोळशावर चालतें, आणि कोळशाची राख काय करते हें गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या गृहिणींना मीं सांगावें असें नाहीं. ही राख हाताला मऊ लागते, परंतु तिच्यांत वाळूचाच अंश पुष्कळ असतो. सांखळीवर बाहेरून तेल ओतलें कीं राख त्याला चिकटते, आणि मग होणारें काळें मलम सांखळी व दांते दोन्ही झिजवीत बसतें. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी, हा हिशेब येथें उलटा पडतो. फडक्यानें सांखळी प्रथम कोरडी पुसावी, प्रत्येक सांध्याला शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब द्यावा, पायडल उलटें फिरवून तें आंत मुरवावें, आणि मग बाहेरचें सगळें तेल निर्दयपणें पुसून टाकावें. खोबरेल घालूं नये. तें चिकट होऊन बसतें. सांखळी मध्यावर दाबली असतां अर्धा इंच खालींवर व्हावी. ताणून बसविलेली सांखळीही सायकलला जडच करते.

राहतां राहिल्या रस्त्यावरच्या संवयी. हमरस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ माजलेली आहे. तिचा कांटा टायरमध्यें शिरतो तेव्हांच ट्यूबपर्यंत पोंचतो असें नाहीं. पुष्कळदां तो मैल-दोन मैल चालून आंत जातो. म्हणून घरीं आल्यावर चाक हळूहळू फिरवून टायर पाहावा आणि कांटा दिसल्यास तेव्हांच उपटावा. दुसरें, वैशाख-ज्येष्ठांत तापीच्या खोऱ्यांत पश्चिमेचा वारा असतो, आणि दीपनगराहून भुसावळास जाणें म्हणजे पश्चिमेसच जाणें. समोरच्या वाऱ्याशीं हट्ट करूं नये. वेग वाढवावा त्याच्या कितीतरी पटीनें वाऱ्याचा अडथळा वाढतो. दहा मिनिटें आधीं निघावें, कोपरें थोडीं वांकवावीं आणि सावकाश जावें. परततांना तोच वारा पाठीशीं असतो.

त्या मुलीच्या सायकलचा 'आऊट' दुकानांत काढून घेतला. बैठक मीं आणि तिनें मिळून दोन इंच वर घेतली. पहिले दोन-तीन दिवस तिला पडण्याची भीति वाटली. पंधरा दिवसांनीं वडील आले, ते नांव काढण्याविषयीं कांहीं बोलले नाहींत, मीही विचारलें नाहीं. ती आतां बारावीस आहे. परवां तिचा धाकटा भाऊ आला होता. त्याची उंची वाढली आहे, आणि घरांतला पाना हरवला म्हणून माझा मागून घेऊन गेला.