केनियात पाहुणे म्हणून जाताना

परदेशचा प्रवास ही आता केवळ शहरातल्या श्रीमंतांची गोष्ट राहिलेली नाही. तालुक्याच्या गावातूनही कुणाचा मुलगा नोकरीसाठी, कुणी शिक्षक मंडळी सहलीसाठी आफ्रिकेत जातात. निघताना घरचे विचारतात, “तिथं धोका नाही ना हो?” मी केनिया पाहून आलो. माझं सांगणं एवढंच, की काळजी घ्यावीच. पण तिथली रीतही शिकून जावी.

पहिली तयारी घरीच करायची. सरकारमान्य केंद्रात पीतज्वराची लस निदान १० दिवस आधी टोचून घ्या आणि दाखला पासपोर्टाबरोबर ठेवा. दाखला नसेल, तर परतताना आपल्याच देशात ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. राजधानी नैरोबी उंचावर आहे, रात्री गारठा असतो, स्वेटर हवा. मोंबासाचा किनारा आणि व्हिक्टोरिया सरोवर यांच्या बाजूला मात्र हिवतापाचं भय आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्या घ्या, मच्छरदाणीत झोपा. प्लॅस्टिकच्या पिशव्या नेऊ नका; २०१७ च्या ऑगस्टपासून तिथं त्यांना बंदी आहे.

आता माझी फजिती सांगतो. मोंबासाला एका टॅक्सीवाल्यानं मला सांगितलं, “उद्या सा म्बिली.” म्बिली म्हणजे दोन, हे मी पुस्तकातून पाठ केलेलं. दुपारी दोनला ऐटीत जाऊन उभा राहिलो. तो बिचारा सकाळी आठपासून माझी वाट पाहून, इतर गिऱ्हाइकं सोडून, शेवटी निघून गेला होता! स्वाहिली भाषेत तास मोजतात ते दिवस उगवल्यापासून. विषुववृत्त देशातून जातं, म्हणून बारा महिने सूर्य साधारण साडेसहाला उगवतो. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, आठ म्हणजे दुसरा. आपले आजोबा सूर्योदयापासून घटका मोजत, तसंच हे. कचेरीतलं घड्याळ आपल्यासारखंच असतं, पण वेळ ठरवताना “सकाळी की दुपारी?” हे विचारून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला शोधून काढलं आणि थेट पैशाचं बोलू लागलो. तो म्हणाला, “हबारी?” म्हणजे, कसं काय? आधी ख्यालीखुशाली, मग काम. मी ओशाळून “म्झुरी”, म्हणजे बरं आहे, म्हणालो. मग माफी मागितली. बुडालेल्या सकाळचं भाडं त्यानं हात मिळवून मगच घेतलं. आपल्या गावात रामराम न करता कुणी पत्ता विचारला, तर आपल्याला तरी आवडतं का? किनाऱ्यावर वडीलधाऱ्यांना “शिकामो” म्हणतात. ते “मराहाबा” म्हणून स्वीकारतात.

देणं-घेणं उजव्या हातानं करा. मोंबासा, लामूच्या जुन्या वस्तीत मुसलमान बहुसंख्य आहेत; अंगभर कपडे घाला. कुणाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. पोलीस आणि लष्कर यांचा तर मुळीच नको. नैरोबीत अंधार पडल्यावर एकटे पायी हिंडू नका. मोबाईल हातात मिरवू नका. मसाई मारासारख्या अभयारण्यात वाटाड्यानं सांगितल्याशिवाय मोटारीतून उतरू नका. सिंह झोपलेला दिसला तरी नाही.

आणि एक. रंगावरून चेष्टा मराठीतसुद्धा करू नका. भाषा कळली नाही, तरी तोंडावरचा भाव कळतो. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून सरोवरापर्यंत रेल्वे झाली, ती हिंदुस्थानातून गेलेल्या हजारो मजुरांच्या घामातून. तिथं दुकानाला ‘दुका’ म्हणतात, चहाला ‘चाय’, चपातीला ‘चपाती’च. इतकी जुनी ओळख असलेल्या घरी आपण जातो आहोत. परत आल्यावर त्या टॅक्सीवाल्यासारख्या माणसानं आपली आठवण बरी काढावी, एवढं पाहा.