समुद्र नाही, मग विहीर खारी का?

आम्ही वलगावच्या बचत गटाच्या बाया बोलतो आहोत.

आमच्या गावच्या लेकी दर्यापूर, भातकुलीकडे नांदायला जातात. माहेरी आल्या की एकच गाऱ्हाणं असतं, “डाळ शिजत नाही, अन् सासूबाई म्हणतात, सुनेला रांधताच येत नाही!” दोष सुनेचा की पाण्याचा? आज हेच पाहू.

तिकडे पूर्णा नदीचा खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे. समुद्र इथून पाचशे किलोमीटर दूर, मग मीठ आलं कुठून?

सातपुड्याच्या पायथ्याशी पूर्णेचं खोलगट खोरं आहे. नद्यांनी हजारो वर्षं आणलेला गाळ त्यात साचला. खडक झिजताना त्यातले क्षार पाण्यात उतरतात. चिकणमातीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. वैशाखाचं ऊन पाणी उडवून नेतं, मीठ मात्र मागेच राहतं. वर्षानुवर्षं हेच चाललं की पाणी खारं होतं.

आता डाळीचं. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की ते डाळीच्या दाण्यातल्या चिकट पदार्थाला घट्ट धरून ठेवतात. मग दाणा मऊ होत नाही. त्याच क्षारांमुळे साबणालाही फेस येत नाही. म्हणजे सुनेच्या हाताचा दोष नाही!

काही जणी म्हणतात, “पाणी उकळून घेतो, मग गोड होतं.” नाही हो. उकळल्यानं जंतू मरतात, म्हणून उकळणं चांगलंच. पण वाफ होऊन जातं ते पाणी, मीठ भांड्यातच राहतं. जास्त आटवलं तर उलट खारटपणा वाढतो.

पटत नसेल तर गटाच्या बैठकीत करून पाहा. दोन स्वच्छ स्टीलच्या ताटल्या घ्या. एकीत विहिरीचं, दुसरीत पावसाचं पाणी, दोन्हीत चार-चार चमचे. उन्हात वाळू द्या. पांढरा थर कुठे जास्त बसतो ते पाहा.

मात्र ताटलीला जंतू, नायट्रेट किंवा फ्लोराइड कळत नाही. त्यासाठी पाणी तपासूनच घ्यावं लागतं. एक लिटर पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालतात, असं भारतीय मानक सांगतं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवण्याची तरतूद आहे. तुमच्या गावातल्या त्या पाचजणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा.

आणि पाऊस म्हणजे काय? उन्हानं वाफ केलेलं पाणी. मीठ खाली सोडून वर गेलेलं, म्हणून गोड. पहिल्या एक-दोन सरी छप्पर धुऊन जाऊ द्या. नंतरचं पाणी गाळून झाकलेल्या टाकीत साठवा. डाळ त्यात शिजवा. प्यायचं असेल तर उकळून प्या.

आमच्या वलगावजवळच, पेढी नदीच्या पुलापाशी, 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. आपणही विचारू या. डाळ शिजली नाही तर आधी सुनेला नाही, पाण्याला विचारा, “काऊन गा, बाप्पा?”