सशाच्या कानातली खपली

शेळ्या-कोंबड्या तर आपण सगळ्याच पाळतो. आमच्या गटाने कर्ज काढून ससे आणले. सहा माद्या, दोन नर. गाव हसलं, पण पुढं पिल्लं विकत न्यायला गावच आलं.

दुसऱ्या पावसाळ्यात एक मादी सारखं डोकं झटकू लागली. कानात बघितलं तर तपकिरी खपल्या, थरावर थर. कुणी म्हणालं, खरूज आहे, जळकं ऑईल लावा. आम्ही लावलं. ससा अंग चाटूनच साफ करतो, हे ध्यानातच आलं नाही. तिनं चारा सोडला आणि तिसऱ्या दिवशी गेली. गाभण होती. हप्ता मात्र थांबला नाही.

दुसरीचेही कान तसेच दिसले, तेव्हा तिला टोपलीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी विचारलं, सुरुवात कुठून झाली? कानाच्या आतून झाली, तर तो बहुधा कानातला किडा. नाक, ओठ, पंजे इथं पांढरट खपली धरली, तर खरूज. केस जाऊन गोल चट्टा पडला, तर नायटा, म्हणजे बुरशी. पाठीवर नुसता कोंडा असेल, तर तो काळ्या कागदावर झटकायचा आणि भिंगातून बघायचं. कधी कधी कोंडा चालताना दिसतो! आणि विण्याआधी मादी पोटाचे केस उपटते, ते घरट्यासाठी. तो रोगच नाही. आम्ही त्यालाही भ्यालो होतो.

डोळ्यांनी होतो तो अंदाज. खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली की किडा पक्का कळतो. म्हणून दाखवायच्या आधी तेल, हळद काही लावू नका. खपली ओढूनही काढू नका, रक्त येतं. कुत्र्याच्या गोचिडांवरचा फिप्रोनिलचा फवारा तर नकोच, त्यानं ससा मरू शकतो.

इंजेक्शन एकदा देऊन भागलं नाही. अंडी मरत नाहीत, म्हणून काही दिवसांनी पुन्हा द्यावं लागलं. आजारी ससा वेगळा ठेवला, पिंजरे धुऊन उन्हात वाळवले.

आमच्यातल्या एकीच्या हातावर गोल चट्टा उठला होता. लाजेनं ती महिनाभर बोलली नाही. नायटा सशापासून माणसाला होतो, खरजेचीही खाज सुटते. तिला सरकारी दवाखान्यात नेलं.

जनावरांचा दवाखाना लांब असेल तर 1962 वर फोन लावून विचारा. आमची बैठक संपली की आता दोघीजणी सगळ्या सशांचे कान उलटून बघतात. परवा एकीचा कान जरा लाल वाटला. उद्या तिला घेऊन जायचंय.