मनाचा पंचनामा
(राबिघ येथील घरगुती बैठकीत केलेले भाषण)



मी मनोविकारतज्ज्ञ. जेद्द्याला येण्यापूर्वी लंडनमध्ये होतो. तिथे राजकीय आश्रय मागणाऱ्यांची तपासणी करून कोर्टासाठी अहवाल लिहीत असे. "राबिघच्या रिफायनरीतल्या आम्हाला याचे काय?" असे कुणी विचारील. उत्तर शेवटी देतो.

पुष्कळांना वाटते, की "हा माणूस खरे बोलतो" असा दाखला डॉक्टर देतो. तसे नाही. खरे-खोटे न्यायाधीश ठरवतो. सांगितलेल्या छळाशी समोरची लक्षणे कितपत जुळतात, एवढेच डॉक्टरने सांगायचे. १९९९ च्या 'इस्तंबूल प्रोटोकॉल'मध्ये या जुळण्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत.

मग अहवाल हवा कशाला? कारण तारखा चुकल्या की अधिकारी माणसाला खोटा ठरवतात. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या ३९ कोसोव्हन व बोस्नियन निर्वासितांच्या दोन-दोन मुलाखती घेऊन एक अभ्यास झाला. खोटे बोलून त्यांना काहीच मिळणार नव्हते, तरी दोन्ही वेळच्या हकिकतींत फरक पडला. किरकोळ तपशिलात जास्त पडला. २००५ मध्ये मिबांगा खटल्यात इंग्लंडच्या अपील कोर्टाने बजावले, की आधी माणसाला खोटा ठरवून मग वैद्यकीय अहवाल बाजूला सारता येणार नाही. दोन्ही एकत्रच तोलले पाहिजेत.

अहवाल म्हणजे जादूची कांडीही नव्हे. नीरव मोदीचे प्रकरण आश्रयाचे नव्हते, प्रत्यार्पणाचे होते. पण पुरावा याच जातीचा. नैराश्य आणि आत्महत्येचा धोका यांवर दोन मनोविकारतज्ज्ञ प्राध्यापकांची साक्ष लंडनच्या हायकोर्टाने ऐकली, आर्थर रोड तुरुंगाच्या सोयींचा विचार केला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये अपील फेटाळले. निकाल विरुद्ध गेला, पण म्हणणे नीट ऐकले गेले.

आता राबिघ. १९५१ च्या निर्वासित करारावर ना सौदीची सही, ना भारताची. इथल्या कामगाराच्या मनाची अशी सुनावणी होत नाही. मागे एक ड्रायव्हर माझ्याकडे आला. मारहाण झालेली, पगार थकलेला. तारीख तीनदा विचारली, त्याने तीन सांगितल्या. माझ्या मनात आले, हा बनाव तर नाही? इतके अहवाल लिहिलेला मी, आणि मलाच ही शंका! पुढे त्याच्या खोलीतल्या मित्राची हिशेबाची वही आली. तांदूळ-तेलाच्या खर्चाखाली तारखेसह लिहिले होते: 'आज भाऊ जेवला नाही. रात्रभर बसून होता.' माझ्या अहवालातला सर्वांत भक्कम पुरावा तोच ठरला.

म्हणून विनंती. तुमच्यापैकी कुणी इंजिनियर आहे, कुणी सेफ्टी ऑफिसर, कुणी कंपनीचा डॉक्टर. असा माणूस भेटला तर त्याला विचारून, त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. 'जीव नकोसा झालाय' म्हणाला तर तेच लिहा, 'डिप्रेशन' लिहू नका. पदरचे काही घालू नका; एक खोटा अहवाल पुढच्या दहा खऱ्यांचे नुकसान करतो. वही जपून ठेवा, त्याला डॉक्टरकडे न्या, जेद्द्याच्या भारतीय वकिलातीत त्याच्याबरोबर जा.

उद्या कुणीतरी त्याला विचारणारच, "तेव्हा का बोलला नाहीस?" तो बोलला होता, हे सांगणारा एक कागद तरी असू दे.